फशीआत्याची टाकी

फशीआत्यानं मला पहिल्याच भेटीत मारलं.

माझा गुन्हा एवढाच, की मी तिच्या टाकीत पाय घातला. कंबर धरलेली, डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं, म्हणून डोंबिवलीजवळच्या कोपरहून दोन रिक्षा बदलून शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात आले होते. बायकांची दुपारची बॅच. सकाळी एक सर येऊन गेली होती, पण आता लख्ख ऊन पडलं होतं. मी पोशाख घालून, डोक्याला टोपी लावून पहिल्या पायरीवर उतरले आणि पाण्यातला कचरा काढायच्या जाळीची लांब काठी सप्पकन माझ्या पोटरीवर बसली.

"पावूस परलाय, दिसत नाय? निघ भायेर!"

मी शाळेत पीटी शिकवणारी बाई. अख्खं आयुष्य पोरांना शिट्टीवर पळवण्यात गेलेलं. आईच्या पश्चात माझ्या अंगाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मी रागानं वळले. समोर साठीची एक उंच, काळी, हाडापेरानं मजबूत बाई. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वर कोणा पुरुषाचा रेनकोट, कानात जाड सोन्याच्या कुड्या.

"मी तक्रार करीन," मी म्हटलं.

"कर ना. हापीस तिकरं हाय. पन तितं बी मीच बसते."

मी त्या दिवशी न पोहताच परत आले. पोटरीवरचा वळ आठवडाभर होता. तरी मी पुन्हा तिथंच गेले, याचं कारण अगदी साधं. डोंबिवलीतल्या कुठल्याही तलावापेक्षा तिचं पाणी चांगलं होतं. डोळे चुरचुरत नसत, केसांना वास येत नसे, तळाची फरशी वाचता येईल इतकी स्वच्छ दिसे. त्या पाण्यासाठी आम्ही बायका तिच्या शिव्या ऐकून घ्यायचो.

बाहेरच्या पाटीवर 'स्विमिंग पूल' असं लिहिलेलं होतं, पण ती कायम 'टाकी'च म्हणायची. शेजारी लग्नाचं लॉन होतं. ते तिच्या धाकट्या भावाचं, काशिनाथचं. मधे भिंत, तीही त्यानंच बांधलेली, दाराशिवाय. गावातल्या वडिलोपार्जित जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा घरोघरच्या बहिणींनी हक्कसोडीवर सह्या करून दिल्या. सही केली की माहेर शाबूत राहतं. लग्नकार्याला बोलावणं येतं, हळदीला आत्याचा मान मिळतो. फशीआत्यानं सही केली नाही. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, ती गावात परत आली आणि भावाच्या तोंडावर म्हणाली, "बापाचा मार मी खाल्लाय, तर बापाची जमीन पन खानार." तिच्या वाट्याला सखल तुकडा आला. पावसाळाभर पाणी साचायचं. ती म्हणाली, साचतंय तर साचू दे, मीच त्याला वळण लावते. तेव्हापासून काशिनाथ तिच्याशी बोलत नव्हता. रस्त्यात दिसली तर तो गाडीची काच वर करायचा.

पाऊस पडून गेला की तिचं एक काम असायचं, आणि त्यात कोणी मधे आलं की मार. आधी ती पानं, माती काढायची. मग खोल बाजूला गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून खालचं पाणी वर आणायची. वरवरचं पाणी खोटं बोलतं, असं तिचं म्हणणं. ते एका काचेच्या छोट्या नळीत भरायचं, औषधाचे थेंब सोडायचे, हलवायचं आणि पदराच्या पांढऱ्या कडेसमोर धरून बघायचं. गुलाबी-केशरी रंग आला तर पाणी ठीक. लालभडक झालं तर सोडा जास्त. पिवळंच राहिलं तर पाणी आंबट, म्हणजे आभाळानं तिच्या टाकीत ढवळाढवळ केलेली. मग बादलीत सोडा कालवून कडेकडेनं ओतायचा, पाणी फिरू द्यायचं आणि पुन्हा नळी. दुसऱ्या नळीत क्लोरीन बघायचा. नळी हातात असताना कोणी बोललं तर हाताला लागेल ते ती फेकून मारायची. मला एकदा साबणाची वडी लागली होती, शेजारच्या बाईला प्लास्टिकचा मग.

कल्याणहून एक जण क्लोरीनची पावडर घेऊन यायचा. एकदा त्यानं जुना, हवा लागून मेलेला माल खपवला. पावडर टाकूनही नळीत रंग चढेना. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा आत्यानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, फाटकाला आतून कडी घातली आणि उरलेली अख्खी पिशवी त्याच्या डोक्यावर उपडी केली. तो भुवयांसकट पांढरा झाला. आत्या वाकून त्याला विचारत होती, "चावते का? आग होते का? नाय ना? मंग मेलेला माल हाय."

आम्ही बायका पोट धरून हसलो. नंतर घरी जाताना रिक्षात माझं हसू पार विरलं. पावडर त्याच्या डोळ्यात गेली असती तर? दुसऱ्या दिवशी मी तिला तसं बोललेसुद्धा.

"डोले मिट बोल्ले ना मी त्याला," ती म्हणाली. तिच्या मते एवढी काळजी पुष्कळ झाली.

मला तिचं हे मारणं कधीच पटलं नाही. आवडायची ती मला, पण भीतीही वाटायची, आणि दोन्ही एकाच वेळी वाटायचं.

तिची काठी मधे वाकडी झाली त्या दिवशी मी तिथं होते. सुट्टीचा दिवस, कुटुंबांची बॅच, थोडा पाऊस शिंपडून गेलेला. जवळच्या नव्या टॉवरमधला एक गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला काठाशी घेऊन उभा होता. मुलगा घाबरून रडत होता. बापानं त्याला एक ठेवून दिली, मग दुसरी, आणि मानगुटीला धरून खोल पाण्याकडे ढकलू लागला. आत्या पलीकडच्या काठाला होती. ती कधी आली ते दिसलंच नाही. पहिला फटका त्या माणसाच्या पाठीवर बसला, दुसरा खांद्यावर, तिसऱ्याला तो खाली बसला. ती थांबेना. तो हातानं डोकं झाकून ओरडत होता, मुलगा बापासाठी ओरडत होता, आणि ती दात आवळून मारत होती. आम्ही चौघींनी तिला कमरेला धरून मागे ओढलं तेव्हा ॲल्युमिनियमची ती काठी मधोमध वाकली होती. त्या माणसाचं कोपर फुटलं होतं. तिनं त्याला फाटकाबाहेर काढलं. मुलालाही काढलं, त्याच्यावर काही माया वगैरे केली नाही.

नंतर ती कपडे बदलायच्या खोलीबाहेर बसली होती. मी पाणी दिलं.

"तुला ठाव नाय," ती म्हणाली. "आमचा मिठागर होता, खारीवर. उन्हाल्यान मीठ धरायचा, ढीग लागायचे. आनि एक अवकाली सर आली का सगला पानी. बापूस आभालाला शिव्या द्यायचा. आभाल काय ऐकतं? मंग घरान यायचा, आमाला धरायचा. काश्या बारका होता. मी त्याच्यावर परायची. सगला मार माज्या पाठीवर. त्याला एक नाय लागू दिला. अजून पत्र्यावर पावूस वाजला का माजी पाठ आकसते."

पीटीच्या बाईची जीभ, राहवलं नाही. "आत्या, मग तुम्हीही तेच करता की."

तिनं वाकडी काठी जवळ ओढली. मला वाटलं, आता आपली पाळी.

"मंग?" ती म्हणाली. "मना दुसरा काय शिकवलाय कोनी?"

तिला मोकळं हसताना मी एकदाच पाहिलं. शेजारच्या लॉनवर कोणाची तरी हळद होऊन गेली होती आणि त्यातल्या काही बायका हातापायांना हळद तशीच घेऊन आमच्या बॅचला आल्या. आत्यानं नुकताच पायऱ्यांच्या बाजूला सोडा ओतला होता. ती काही म्हणायच्या आत बायका तिथंच पाय सोडून बसल्या आणि त्यांच्या पावलांवरून लाल ओघळ पाण्यात उतरू लागले. एकीनं किंकाळी फोडली, "रगत! रगत!" आत्या हसून हसून भिंतीला टेकली. हळदीच्या साडीला साबण लावला की डाग लाल होतो, हे त्या बायकांना घरी माहीत होतं, टाकीत मात्र आठवलं नाही. "हलदीला सोडा लागलाय गं," आत्या म्हणाली. ही गोष्ट गावभर झाली. आत्याच्या टाकीत हळद लाल होते, ही पोराटोरांची थट्टा होऊन बसली.

मग काशिनाथच्या एकुलत्या एक मुलाचं, रोशनचं लग्न ठरलं.

रोशनला पोहायला आत्यानंच शिकवलेलं. लहानपणी तो भिंतीवरून उडी मारून यायचा, ती त्याला पाण्यात बुचकळून काढायची आणि बापाच्या हाका ऐकू आल्या की पुन्हा भिंतीवर चढवायची. त्याच्या लग्नाचं कळल्यापासून आत्याचं लक्ष लागेना. कपडे बदलायच्या खोलीत खिळ्याला एक नवी पिवळी साडी कव्हरसकट टांगलेली दिसू लागली. मी हात लावून पाहायला गेले तर माझ्या हातावर फटका बसला.

"बोलावणं आलं का?" मी विचारलं.

"नाय येनार."

"पण आत्याशिवाय हळद लागते का पोराला?"

"चुलत आत्या हाय ना. लावतील तिच्या हातानी." मग नळी धुता धुता म्हणाली, "एकदा बोलवायला पायजे त्यानी. जमीन नको मागूस बोलला तरी चालंल. शिव्या दे बोल्ले. पन बोलव."

हळदीच्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. वैशाखातला, वारा-विजांसकट. लॉनवर चिखल झाला, मांडवाचं कापड फाटलं. आमची बॅच अर्थातच रद्द. पाऊस थांबून रिक्षा मिळेपर्यंत मी आत्याच्या पत्र्याखाली बसले होते. टाकीचं पाणी मातीनं गढूळ झालं होतं. ऊन तिरकं झालं तेव्हा आत्या खोल बाजूला जाऊन नळी भरून आली. थेंब सोडले, हलवली. पिवळंच. "आंबाट झालाय निस्ता," ती म्हणाली. सोड्याची गोणी अजून शिवलेली, कोपऱ्यात तशीच उभी होती.

पलीकडे पाऊस थांबताच हळदीच्या नाचाचा बेंजो वाजू लागला. लोकांनी प्यायलाही सुरुवात केलेली. लॉनवर नाचायला कोरडी जागा नव्हती. कोणाच्या डोक्यात आलं देव जाणे, पण हळदीनं माखलेली वीस-पंचवीस पोरं भिंतीशी आली. जुनी भिंत, पावसानं भिजलेली. लाथा घालून त्यांनी तिला खिंडार पाडलं आणि ओरडत आत घुसली.

आत्या वाकडी काठी घेऊन उभी राहिली. पहिल्या पोराच्या नाकावर काठी बसली, त्याच्या हळदीच्या सदऱ्यावर रक्त ओघळलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर. "पानी खराब हाय! मराल भडव्यांनो!" ती ओरडत होती. पण ती एकटी आणि ती पंचवीस. एकानं तिचा पदर ओढला, एकानं मागून ढकललं, आणि बाकीच्यांनी धडाधड उड्या मारल्या. मी शिट्टी फुंकावी तशी ओरडत होते, बेंजोपुढे कोण ऐकतं.

खिंडारातून काशिनाथ आला. पांढरा सदरा, गळ्यात साखळ्या, तोही प्यायलेला. मला वाटलं, पोरांना आवरायला आला. तो सरळ बहिणीकडे गेला.

"माज्या पावन्यांना मारतंस?"

"भायेर काढ त्यांना काश्या. पानी तयार नाय."

"कोनाचा पानी? टाकी माज्या बापाची हाय!"

त्यानं काठी धरली आणि ओढली. तिनं सोडली नाही. दोघं ओल्या फरशीवर, खोल बाजूच्या काठाशी, एका काठीची दोन टोकं धरून एकमेकांना हिसडत होते. त्यानं एका हातानं तिच्या तोंडात मारली. तिच्या ओठातून रक्त आलं. तिनं सगळा जोर लावून काठी फिरवून हिसका दिला. त्याचा हात सुटला, पाय घसरला, डोकं काठाच्या कडेवर आपटलं आणि तो पाण्यात गेला.

पोरांच्या उड्या, शिंतोडे, गोंधळ, यात कोणाचं लक्ष नव्हतं. आत्यानं ओठ पुसला. भाऊ खाडीत पोहून वाढलेला, येईल वर, असंच तिला वाटलं असणार. मलाही वाटलं. पाणी इतकं गढूळ, की हातभर खालचं दिसत नव्हतं.

तेवढ्यात खोल बाजूच्या शिडीजवळ पाणी लाल झालं. आधी एक रेघ, मग ती पसरली. पाण्यातल्या पोरांनी ते पाहिलं आणि जल्लोष केला. "आत्याचा सोडा! हलद लाल झाली! हलद लाल झाली!" ती लाल पाणी ओंजळींनी उडवू लागली, एकमेकांच्या डोक्यावर घालू लागली. बेंजोवाल्यानं खिंडारातून पाहून ठेका वाढवला.

मी आत्याकडे पाहिलं. तिची नजर लाल पाण्यावरून कट्ट्यावर ठेवलेल्या नळीकडे गेली. नळी पिवळी होती. गोणी शिवलेली होती.

"सोडा टाकलाच नाय मी," ती म्हणाली.

आणि साडीसकट, रेनकोटसकट तिनं उडी मारली.

ती किती वेळ खाली होती मला सांगता येणार नाही. मला तो वेळ फार लांब वाटला. वर आली तेव्हा तिच्या मुठीत काशिनाथचे केस होते. केसांनी ओढतच तिनं त्याला काठाला आणलं. मी आणि दोन पोरांनी, आता त्यांची तोंडं पांढरी पडली होती, त्याला वर घेतलं. त्याच्या कानामागून रक्त वाहत होतं. श्वास नव्हता. मी शाळेतल्या प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात हे शिकलेली, छाती दाबायला वाकले, तर आत्यानं मला कोपरानं बाजूला फेकलं. ती त्याच्या अंगावर बसली आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबू लागली, मधेच त्याच्या तोंडावर चपराका मारत. "मरतंस? माज्या टाकीन मरतंस? ऊठ! तुज्यासाठी मी मार खाल्लाय! ऊठ काश्या!" दाबणं बरोबर होतं, चपराका कुठल्याही पुस्तकात नाहीत. काशिनाथच्या तोंडातून पाणी आलं, मग तो खोकला, ओकला. त्याला श्वास आलेला सगळ्यांना दिसला, तरी ती मारतच होती. त्याचे गाल सुजायला लागले तेव्हा लॉनवरून धावत आलेल्या रोशननं तिला मागून मिठी मारून उचललं.

त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं. टाके पडले. हळद अर्धीच राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गेले, तशी जायची काही गरज नव्हती. पण घरी बसवेना. आत्या मोटार लावून टाकी उपसत होती. रक्ताचं पाणी ती ठेवणार नव्हती. ओठ टम्म सुजलेला.

थोड्या वेळानं फाटकाशी काशिनाथ येऊन उभा राहिला. डोक्याला पट्टी, गालांवर बहिणीच्या बोटांचे वळ. हातात हळदीची वाटी. तो आत पाऊल टाकणार तोच वाकडी काठी त्याच्या पायांपुढे आडवी आली.

"तितंच उभा ऱ्हा."

तो उभा राहिला. त्याची मान खाली. "पोरगा आंघोलीला बसत नाय," तो म्हणाला. "आत्याची हलद लागल्याबिगर उठनार नाय बोलतं." आत्यानं काठी हलवली नाही. मग तो पुटपुटला, "मी पन बोलवतंय, बाय. चल."

तिनं काठी उचलली. मला वाटलं, आता हिचा धीर सुटला, रडेल. तिनं ती काठी त्याच्या मांडीवर एक फाडकन मारली. मग काठी त्याच्या हातात दिली आणि वाटी स्वतः घेतली.

"हितं बस. मोटार कोरडी परली तर जलेल. पानी संपत आला का बंद कर. कोनाला आत सोरू नको."

खिळ्यावरची पिवळी साडी नेसून ती खिंडारातून पलीकडे गेली. काशिनाथ लंगडत येऊन काठाशी बसला. मी विसरून, नुसतं किती पाणी उरलंय ते पाहायला पहिल्या पायरीवर उतरले. काठी माझ्या पोटरीवर बसली. त्याच जागी.

"बायेला इचारल्याबिगर कोनी उतरायचा नाय," काशिनाथ म्हणाला. "टाकी बायेची हाय."

मी पोटरी चोळत वर आले. नंतर मी ठाण्याला मुलीकडे राहायला गेले, त्यामुळे आत्याला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. खिंडारातून दिसत होती. पिवळी साडी, कोपरापर्यंत हळदीचे हात, आणि पाटावर बसलेल्या रोशनच्या गालांना ती अशी हळद लावत होती की चापट्यांचा आवाज टाकीपर्यंत येत होता. "आत्या, हलू ना!" तो ओरडला. बायका हसल्या. काशिनाथनं मात्र आवाजासरशी पाठ आकसून घेतली, काठी मांडीवर ठेवली आणि मोटारीकडे लक्ष देऊन बसून राहिला.